फोटोच्या कॅमेऱ्यावर सफाईदार व्हिडिओ कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बारा-तेरा वर्षं फक्त फोटो काढत होते. कॅमेऱ्यावर व्हिडिओचं बटण होतं, पण त्याला हात लावला नव्हता. पुढे गरज पडली तेव्हा शिकले आणि बऱ्याच चुका करत शिकले. आता माझ्यासारखेच फोटोकडून व्हिडिओकडे वळणारे लोक भेटतात आणि त्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मिररलेस किंवा डीएसएलआर, कुठल्याही कंपनीचा कॅमेरा असला तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

माझे फोटो अगदी शार्प येतात. मग त्याच हातांनी काढलेला व्हिडिओ हललेला का दिसतो?

फोटोसाठी तुमचे हात सेकंदाचा अडीचशेवा भाग स्थिर राहिले तरी पुरतं. व्हिडिओसाठी तेच हात दहा सेकंद स्थिर लागतात. दहा सेकंदांत तुम्ही दोन-तीन श्वास घेता, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकता, बोटाने एखादी चकती फिरवता. हे सगळं पडद्यावर दिसतं.

पण हातांपेक्षा जास्त नडते ती सवय. फोटो काढणारा माणूस एक फ्रेम मिळाली की लगेच पुढची शोधायला लागतो. मी पहिल्यांदा व्हिडिओ काढला तो माउलींच्या पालखीचा, दिवे घाटात. घरी येऊन पाहिलं तर सत्तरेक क्लिप होत्या आणि जवळपास सगळ्या तीन-चार सेकंदांच्या. प्रत्येकीचं पहिलं सेकंद बटण दाबल्याच्या धक्क्यात गेलेलं आणि शेवटचं सेकंद कॅमेरा खाली आणण्यात. काही तर उभ्या होत्या, कारण फोटो काढताना आपण कॅमेरा सहज उभा धरतो. वारकऱ्यांची अख्खी रांग वळणावरून वर येत होती आणि मी तिच्याकडे सलग दहा सेकंदही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी एक नियम केला: बटण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, मगच काहीही हलवायचं. कॅमेरा हलवायचा असेल तरी आधी चार मोजायचे आणि हलवून झाल्यावर पुन्हा चार. नवशिक्याला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन.

पण माझा व्हिडिओ हलत नाही, अडखळतो. ट्रायपॉडवर ठेवूनही तसंच होतं.

हे फार महत्त्वाचं आहे, कारण ‘स्मूथ नाही’ या एकाच तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. एक म्हणजे कॅमेऱ्याची थरथर. दुसरं म्हणजे हालचालीचं तुटकपण: माणूस चालतो, पण त्याचे पाय टप्प्याटप्प्याने उड्या मारल्यासारखे दिसतात. पहिल्यावर उपाय आहे तो हात, तिपाई, गिंबल (मोटरींनी कॅमेरा स्थिर धरणारं हँडल). दुसऱ्यावर यातलं काहीच चालत नाही. ते दुखणं बहुतेक वेळा शटर स्पीडचं असतं.

फोटोच्या सवयीने आपण शटर १/५०० किंवा १/१००० वर ठेवतो. मग प्रत्येक फ्रेम कोरीव, गोठलेली येते. सेकंदाला अशा पंचवीस गोठलेल्या फ्रेम एकामागे एक पाहिल्या की डोळ्याला त्यांच्यामधल्या फटी जाणवतात. प्रत्येक फ्रेममध्ये हलणारी गोष्ट थोडी पुसट झालेली असेल तर त्या फटी भरून निघतात. म्हणून नियम असा, की शटर फ्रेमच्या आकड्याच्या दुप्पट ठेवायचं: २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. सिनेमाच्या कॅमेऱ्यात अर्धवर्तुळाकार चकती फिरायची आणि प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळापुरता प्रकाश आत यायचा. त्यावरून याला १८० अंशांचा नियम म्हणतात.

तुमचं दुखणं कुठलं हे ओळखायचं असेल तर कॅमेरा ओट्यावर ठेवा, २५ फ्रेम निवडा आणि समोर हात हलवून दोन क्लिप काढा, एक १/५० वर आणि एक १/१००० वर. फरक लगेच दिसेल.

सेकंदाला २४, २५, ३०, ५०, ६० यांपैकी किती फ्रेम निवडू?

भारतात राहत असाल तर २५ आणि ५०. मेनूमध्ये पाल (PAL) आणि एनटीएससी (NTSC) या टीव्हीच्या दोन पद्धतींचा पर्याय असतो, तिथे पाल निवडा. म्हणजे हे आकडे दिसू लागतील. काही कॅमेऱ्यांत हा बदल केल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा आधी फोटो उतरवून घ्या.

यामागचं कारण आपल्या विजेत आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज येते, म्हणजे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे बरोबर दोन पूर्ण ठोके येतात आणि १/१०० असेल तर एक. १/६० किंवा १/१२५ ठेवलं की ठोका अर्धवट कापला जातो आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, किंवा उजेड धडधडतो. मंगल कार्यालयात काढलेल्या अनेक व्हिडिओंत हे पट्टे दिसतात आणि लोक कॅमेरा बिघडला असं समजतात. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज आहे, म्हणून तिथले शिकवणारे ३० फ्रेम आणि १/६० सांगतात. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, आपल्या कार्यालयातल्या दिव्याखाली नाही. तिकडच्या मराठी वाचकांनी मात्र तोच आकडा धरावा.

फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ २००८ साली आला: आधी निकॉन डी९०, मग कॅनन ५डी मार्क टू. त्या कॅननवर सुरुवातीला फक्त ३० फ्रेम होत्या. २४ आणि २५ फ्रेम २०१० साली फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) बदलून दिल्या गेल्या.

३० फ्रेम वाईट नाहीत. अनेक मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. त्यात ३० समान बसतात, २५ थोडे वाकडे बसतात. फक्त मोबाइलवर पाहायचा, दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ असेल तर खुशाल ३० घ्या. ३० घेऊन दिव्याखाली जायची वेळ आली तर शटर १/५० करा, पट्टे जातील. मात्र एकाच व्हिडिओत २५ आणि ३० मिसळू नका. संकलनात ते जोडले की अधूनमधून एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते आणि चालणारा माणूस मध्येच ठेचकाळतो. मोबाइलने काढलेले तुकडे जोडणार असाल तर मोबाइलच्या सेटिंगमध्येही २५ शोधा.

उन्हात १/५० ठेवलं की सगळं पांढरंफटक होतं. आता काय?

होणारच. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० असेल तर बरोबर उजेडासाठी अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं. तिथे चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आकाशात दिसायला लागतात. म्हणून लेन्ससमोर काळी काच लावायची, म्हणजे एनडी फिल्टर. एफ/२२ वरून एफ/४ वर यायचं तर पाच स्टॉप उजेड कमी करावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी ३२. लॉग प्रोफाइलमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकं चित्र देणारी सेटिंग) काढत असाल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ ८००च्या आसपास सुरू होतो. तेव्हा आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी २५६.

फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो. तो म्हणजे एकमेकांवर बसवलेले दोन पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचा. अगदी टोकाला फिरवला तर चित्रावर फुलीसारखी काळी सावली येते, म्हणून टोकाच्या अलीकडेच थांबा. स्वस्त काचा हिरवट-पिवळट छटा देतात. इथे पैसे वाचवू नका. लेन्सपुढे अडीचशे रुपयांची काच लावली तर तीस हजारांच्या लेन्सचा उपयोग राहत नाही. सगळ्यांत मोठ्या व्यासाच्या लेन्सला बसेल असा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी जोडरिंगा वापरा.

फिल्टर नसेल तर? सावलीत काढा, किंवा सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर काढा. तेही नसेल तर शटर वाढवा. तुटक व्हिडिओ मिळेल, पण निदान मिळेल.

कॅमेरा हातात नेमका कसा धरायचा?

तीन ठिकाणी टेकवून. दोन हात झाले, तिसरा आधार शोधायचा.

मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावा, कपाळ हाच तिसरा आधार. डीएसएलआरमध्ये व्हिडिओच्या वेळी आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. मग लोक मागचा पडदा दिसावा म्हणून कॅमेरा हातभर पुढे धरतात, आणि तिथेच थरथर सुरू होते. अशा वेळी गळ्यातला पट्टा आखूड करा आणि तो ताणला जाईल इतका कॅमेरा पुढे ढकला. ताणलेला पट्टा मानेशी तिसरा आधार देतो. हे करून पाहिल्याशिवाय त्याचा फरक कळत नाही.

कोपरं बरगड्यांना टेकलेली, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल. भिंत, खांब, झाड दिसलं की पाठ टेका. श्वास रोखू नका. दहा सेकंद रोखला की शेवटी हात कापतात. सावकाश, पोटाने घ्या.

आणि लेन्स रुंद ठेवा. १८ किंवा २४ मिलिमीटरवर जी थरथर दिसतही नाही, ती ८५वर भूकंपासारखी दिसते. लांबची गोष्ट मोठी हवी असेल तर झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा. जाता येत नसेल तर तिपाई काढा. किलोभर तांदूळ घातलेली घट्ट शिवलेली कापडी पिशवीसुद्धा कठड्यावर, कट्ट्यावर, गाडीच्या बॉनेटवर उत्तम आधार देते. माझ्या बॅगेत ती कायम असते.

चालता चालता काढायचं असेल तर?

डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजून चाला. गावाकडे पाणी भरलेल्या बाईंची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: गुडघे जरा वाकलेले, पावलं लहान, आधी टाच टेकते, मग तळवा, मग चवडा, आणि कमरेच्या वरचं शरीर एका पातळीत सरकत राहतं. वेग नेहमीच्या निम्मा. पायात सपाट तळव्याच्या चपला किंवा बूट हवेत. वाटेतले दगड, वायरी, पायऱ्या आधी एकदा चालून पाहून घ्या, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी नजर पडद्यावर असते.

खरं सांगायचं तर पहिले तीन महिने चालत काढूच नका. नवशिक्याला वाटतं, कॅमेरा फिरत राहिला म्हणजे व्हिडिओ जिवंत होतो. समोर माणसं हलत असतात, पानं हलत असतात, वाफ वर जात असते. ती हालचाल स्थिर फ्रेममध्ये जास्त उठून दिसते.

थोडीशी सरकती हालचाल हवी असेल तर चालण्याची गरज नाही. पाय रुंद ठेवून उभं राहा आणि संपूर्ण धड डावीकडच्या पायावरून उजवीकडच्या पायावर सावकाश न्या. टेबलावर पंचा पसरून त्यावर कॅमेरा ठेवून पंचा हळूच ओढला तरी छान सरकतो. तिपाईचे पुढचे दोन पाय जमिनीवर ठेवून मागचा उचलला आणि कॅमेरा पुढे कलवला तर वस्तूकडे जाणारा शॉट मिळतो.

गिंबल घ्यावा का?

घ्या, पण वरचं सगळं जमल्यावर. गिंबलच्या तीन मोटरी कॅमेऱ्याचं वळणं, कलणं आणि तिरकं होणं थांबवतात. पावलागणिक होणारं वर-खाली त्या थांबवत नाहीत. म्हणून नव्या गिंबलवरचे व्हिडिओ बोटीत बसून काढल्यासारखे डुलतात. घागरीची चाल तिथेही लागतेच.

मोटर सुरू करण्याआधी कॅमेरा तोलून घेणं हे गिंबलचं निम्मं काम आहे. बंद गिंबलवर कॅमेरा ज्या कोनात सोडाल त्याच कोनात थांबला पाहिजे. तोल नीट नसेल तर मोटरी सतत ताकद लावतात, बॅटरी लवकर उतरते आणि चित्रात बारीक कंप येतो. लेन्स बदलली, फिल्टर लावला, माइक चढवला की पुन्हा तोलायचं. झूम केल्यावर लेन्स लांब होत असेल तरीही. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या गर्दीत हे करायला जागाही नसते आणि वेळही. तिथे मी मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, वापरते. मोनोपॉड स्वस्त, हलका, आणि गर्दीत कुणाच्या पायात येत नाही. लग्नाच्या कामाला माझं मत मोनोपॉडलाच.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) कायम सुरू ठेवू का?

हातात असताना सुरू, पक्क्या तिपाईवर बंद. तिपाईवर ते नसलेली थरथर शोधत बसतं आणि चित्र आपोआप सरकतं. सावकाश वळवतानाही ते आधी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी गचका बसतो. लेन्सवर मोड टू असेल तर तो वळवण्यासाठीच असतो.

सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन असलेल्या कॅमेऱ्यावर फार रुंद लेन्स लावून चाललात तर फ्रेमचे कोपरे जेलीसारखे डुचमळतात. तो दोष तुमचा नव्हे. शक्य असेल तर थोडी लांब लेन्स घ्या किंवा ते बंद करून गिंबलवर टाका. ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘डिजिटल’ नावाचा पर्याय चित्राच्या कडा कापून थरथर कमी करतो, म्हणून फ्रेम मोकळी धरा.

पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा वळवताना, इमारती, झाडं थरथरत का जातात?

वेग जास्त आहे म्हणून. सिनेमावाल्यांचा जुना ठोकताळा आहे: एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद लागली पाहिजेत. सात सेकंद हा रेकॉर्डिंगच्या वेळी कंटाळवाणा वाटणारा काळ आहे. पडद्यावर तो बरोबर दिसतो. एखाद्या माणसामागे, सायकलमागे कॅमेरा वळत असेल तर वेग चालतो, कारण डोळा त्या माणसावर असतो.

हातात कॅमेरा असताना पॅन जिथे संपणार आहे तिकडे पाय आणि कंबर करून उभे राहा, मग धड पिळून सुरुवातीच्या जागी या आणि तिथून सुटत जा. उलट केलंत तर शेवटी पिळलेल्या अवस्थेत हात कापतात, आणि शेवटच लोकांच्या लक्षात राहतो. तिपाईवर करायचं तर फ्लुइड हेड, म्हणजे संथ आणि एकसारखं वळणारं हेड, हवं. फोटोसाठीचं बॉल हेड सैल केलं की सगळ्याच बाजूंना कलंडतं. हँडलला जाड रबर अडकवून ते रबर बोटाने ओढलं तर सुरुवातीचा झटका रबर पिऊन टाकतं.

झटक्यात वळवलं की खांब तिरके दिसतात, तो मात्र सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो म्हणून. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब काढले तरी तेच. संकलनात ते पूर्ण जात नाही. सावकाश वळवणं हाच इलाज.

मध्येच उजेड कमी-जास्त होतो, रंग बदलतो, फोकस मागेपुढे करतो. हेही ‘स्मूथ’मध्येच येतं ना?

येतं, आणि यावर फारच कमी लोक लक्ष देतात. मोड डायल एमवर (मॅन्युअल) न्या. शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवून टाका. उन्हातून घरात जाण्यासारखा शॉट असेल तर फक्त आयएसओ ऑटोवर सोडा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या एफ/३.५-५.६च्या झूम लेन्सवर झूम करताना उजेड टप्प्याने उतरतो, म्हणून अ‍ॅपर्चर आधीच ५.६वर ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. पिवळी हळद आणि हिरवा शालू फ्रेममध्ये आत-बाहेर झाले की ऑटोवर नवरीच्या चेहऱ्याचा रंग बदलत राहतो.

फोकससाठी सतत चालणारा ऑटोफोकस आणि चेहरा ओळखण्याची सोय वापरा, आणि त्याचा वेग मेनूत कमी करा. जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस व्हिडिओत चाचपडतो. तिथे फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका, एफ/५.६च्या आसपास राहा आणि माणसापासूनचं अंतर बदलू देऊ नका. फोटोत एफ/१.८वर मिळणारी ती पुसट पार्श्वभूमी व्हिडिओत मोहात पाडते, पण माणूस वीतभर पुढे झुकला की डोळे गेले.

स्लो मोशन केलं तर थरथर झाकते का?

झाकते. ५० फ्रेमवर काढून २५च्या टाइमलाइनवर टाकलं की वेग निम्मा आणि हिसकेही निम्मे. शटर तेव्हा १/१०० ठेवा. १०० फ्रेमला शटर १/२०० लागतं, म्हणून दिव्याखाली ते टाळा, उन्हात करा. आवाज मात्र उपयोगाचा राहत नाही. ढोल-ताशाचं पथक स्लो मोशनमध्ये पाहायला सुंदर, पण टिपरू पडतंय आणि ठोका ऐकू येत नाही हे मला सहन होत नाही. दोन तुकडे काढा, एक साध्या वेगात.

हललेला व्हिडिओ नंतर सुधारता येतो?

थोडाफार. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही स्टॅबिलायझर आहे. तो कडा कापतो, म्हणून फोर के मध्ये काढून फुल एचडीत देणार असाल तर हाताशी जागा उरते. काही कॅमेरे आतल्या गायरो सेन्सरने टिपलेली हालचालीची नोंद फाइलमध्ये ठेवतात. ती वापरून गायरोफ्लो हा मोफत प्रोग्रॅम फार चांगलं काम करतो, फक्त शूट करताना सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन बंद हवं.

एक अडचण लक्षात ठेवा. १/५०वर काढताना कॅमेऱ्याला धक्का बसला तर ती फ्रेम पुसट झालेली असते. सॉफ्टवेअर चित्र जागेवर आणतं, पुसटपणा तसाच राहतो, आणि स्थिर चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होतं. त्यामुळे नंतर स्थिर करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर मी स्वतः दुपटीचा नियम मोडून शटर १/१०० किंवा १/२०० ठेवते.

रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. कार्ड की कॅमेरा?

बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी बंद पडत असेल तर कार्डाचा दोष नाही. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर जास्त आयात शुल्क लागायचं, म्हणून कंपन्या एक सेकंद आधी थांबवत. ते शुल्क २०१९ साली गेलं, पण जुन्या कॅमेऱ्यांत मर्यादा राहिली. काही मिनिटांतच थांबत असेल आणि कॅमेरा तापलेला असेल तर मागचा पडदा कॅमेऱ्यापासून दूर उघडून धरा, मधल्या वेळात बंद करा, उन्हात तिपाईवर उभा असेल तर छत्री धरा.

काही सेकंदांत थांबत असेल तर कार्ड मंद आहे. त्यावर व्ही३० असं लिहिलेलं पाहा, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. १०० मेगाबिटच्या फोर के ला साडेबारा मेगाबाइट लागतात, म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट. ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं बसतात. लग्नाला मी अशी तीन नेते आणि भरलेलं कार्ड वेगळ्या खिशात ठेवते.